सहाशे मिलिग्रॅमचं गणित: कंपवात, मेलाटोनिन आणि सदाशिव पेठेतलं एक प्रकरण

सरांनी मला आठवीत आणि नववीत गणित शिकवलं. फळ्यावरचं त्यांचं अक्षर मागच्या बाकावरून वाचता यायचं. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, माझ्या औषधाच्या दुकानात काउंटरवर एक वहीचा कागद ठेवला, तेव्हा पहिली ओळ मी ओळखली. दुसऱ्या ओळीत अक्षर निम्मं झालं होतं. तिसरी ओळ वाचायला चष्मा वर करावा लागला. कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, हस्ताक्षर असंच ओळीगणिक आक्रसत जातं.

कागदावर एवढंच होतं: उंदराला किलोमागे १० मिलिग्रॅम. माझं वजन ६० किलो. म्हणून ६००.

"अगं, हे म्हणतात सहाशेची गोळी येते का बघ," काकू म्हणाल्या. "आम्ही आपले दहा-दहाच देतोय. त्यानं काय होणार?"

सहाशे मिलिग्रॅम मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं, झोपेसाठी घेतलं जाणारं संप्रेरक. माझ्या फडताळात तीन, पाच आणि दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या असतात. मी काकूंना आत बोलावलं, स्टूल दिलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. त्या तासाभरात जे कळलं आणि पुढच्या तीन महिन्यांत जे घडलं, ते सर आणि काकूंच्या परवानगीनं इथे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

घरात काय चाललं होतं

सर ७१ वर्षांचे. चार वर्षांपूर्वी कंपवाताचं निदान झालं. उजव्या हाताला कंप, चालताना तोच हात हलायचा थांबलेला, सदऱ्याची बटणं लावायला वेळ. मेंदूत हालचालींचे निरोप नेणारं डोपामिन हे रसायन कंपवातात कमी पडतं; ते भरून काढणारी लेव्होडोपा आणि कार्बिडोपाची गोळी दिवसातून तीनदा, आणि रात्री झोपताना त्याच औषधाची सावकाश विरघळणारी एक. गोळ्यांच्या वेळा सर शाळेच्या तासांसारख्या पाळायचे. जेवणातली प्रथिनं लेव्होडोपाच्या शोषणात आडवी येतात हे कळल्यापासून वरणभाताच्या आधी गोळी, मग अर्धा तास थांबायचं, असा नियमही त्यांनीच घातला होता.

मग परदेशातल्या मुलानं एका संशोधन लेखाची छापील प्रत आणि मेलाटोनिनच्या चघळायच्या वड्यांची बाटली पाठवली. एका वडीत १० मिलिग्रॅम. लेखात म्हटलं होतं की मेलाटोनिन डोपामिन बनवणाऱ्या चेतापेशींचं रक्षण करतं. सरांनी लेख पेन्सिलीनं खुणा करत दोनदा वाचला आणि दोन निर्णय घेतले. पहिला, वडी रात्री एक आणि सकाळी एक, कारण पेशी काही फक्त रात्रीच मरत नाहीत. दुसरा, रात्रीची लेव्होडोपाची गोळी बंद, कारण आता पेशींचं रक्षण होणार असेल तर "बाहेरचं" औषध जरा कमी केलेलं बरं. दोन्ही निर्णय डॉक्टरांना न विचारता.

सहा आठवड्यांनी घरातलं चित्र असं होतं. सर सकाळी अकराला वर्तमानपत्र हातात घेऊन झोपायचे. दुपारी परत झोप. एकदा हातातला चहा मांडीवर सांडला, एकदा न्हाणीघरात गुडघ्यांवर पडले. रात्री दोनच्या सुमारास कूस बदलता यायची नाही, मग काकू उठून त्यांना वळवायच्या. घरात सगळ्यांनी एकच अर्थ काढला: आजार वाढतोय, म्हणजे मेलाटोनिन कमी पडतंय. त्यातून ते सहाशे आले.

मी आधी इतर औषधं तपासली. रक्त पातळ करणारं वॉरफरिन नाही, नैराश्यावरचं फ्लुवॉक्सामीन नाही. हे दुसरं औषध यकृतात मेलाटोनिन मोडणारं विकर (एन्झाइम) अडवतं आणि रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी चढवतं, म्हणून ते विचारावंच लागतं. मग काकूंना सांगितलं की लिहून दिलेली रात्रीची गोळी अशी परस्पर बंद ठेवायची नाही, आणि सकाळची वडी उद्यापासून नको. लेव्होडोपा एकदम तोडली तर ताप, प्रचंड ताठरपणा आणि जिवावर बेतण्यापर्यंत वेळ येऊ शकते. सरांची रोजच्या चारपैकी एकच मात्रा सुटली होती, हे नशीब. त्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना मी काकूंच्या समोरच फोन लावला. गोळी त्याच रात्री पुन्हा सुरू झाली आणि चार दिवसांनंतरची वेळ मिळाली.

जाता जाता मी सहज विचारलं, "काकू, झोपेत ओरडतात का सर? हातपाय झाडतात?"

काकू थांबल्या. "ते होय? ते तर जुनंच आहे. नोकरीत होते तेव्हापासून. एकदा मला गुद्दा बसला होता दंडावर, दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, स्वप्नात कुत्रं अंगावर आलं होतं. तेव्हापासून मी मध्ये उशांची भिंत घालते."

सर ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. म्हणजे हा प्रकार निदानाच्या किमान नऊ वर्षं आधीचा. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही, आणि काकूंनाही तो आजाराचा भाग वाटला नाही. मला या प्रकरणातली सगळ्यात मोलाची ओळ हीच वाटते.

लेखात जे होतं ते खोटं नव्हतं

दुसऱ्या दिवशी मी दुपारच्या वेळी दुकान मिटवून सरांकडे गेले. लेख त्यांच्या टेबलावरच होता. त्यांना "हे सगळं सोडा" असं सांगणं सोपं होतं, पण ते खरं झालं नसतं. चेतापेशींच्या रक्षणाचा विचार हवेतून आलेला नाही.

मेलाटोनिन १९५८ साली येल विद्यापीठातल्या ॲरन लर्नर यांनी गुरांच्या मेंदूतल्या पिनियल ग्रंथींतून वेगळं काढलं. लर्नर त्वचारोगतज्ज्ञ. त्यांना त्वचेचा रंग बदलणारं द्रव्य हवं होतं, आणि हे द्रव्य बेडकाची कातडी फिकट करत होतं. म्हणून नावात मेलॅनिनचा "मेला" आला. योगायोग असा की कंपवातात मेंदूचा जो भाग झिजतो तोही रंगावरूनच ओळखला जातो: सबस्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे काळा पदार्थ. तिथल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशींत न्यूरोमेलॅनिन साठतं म्हणून तो काळा दिसतो. पेशी गेल्या की काळेपणाही जातो. हे ऐकून सर बराच वेळ काही बोलले नाहीत.

या पेशी मरतात कशा, याचा एक मोठा धागा १९८२ साली कॅलिफोर्नियात हाती लागला. काही तरुण व्यसनी माणसं अचानक पुतळ्यासारखी गोठून दवाखान्यात आली. घरगुती बनवलेल्या हेरॉइनसदृश पदार्थात एमपीटीपी नावाचं रसायन शिरलं होतं. विल्यम लँगस्टन आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली ते जाहीर केलं. एमपीटीपी मेंदूत गेल्यावर त्याचं एमपीपी प्लस होतं. डोपामिन परत आत घेण्यासाठी पेशीला जे दार असतं त्यातूनच ते आत घुसतं, आणि मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरातल्या, ऊर्जासाखळीचा पहिला संच बंद पाडतं. ऊर्जा आटते, ऑक्सिजनचे उपद्रवी मुक्त कण वाढतात, पेशी मरते. तेव्हापासून उंदरांत कंपवात निर्माण करायचा तर एमपीटीपी टोचायचं, ही प्रयोगशाळेतली रूढ वाट झाली. रोटेनोन हे कीटकनाशकही त्याच संचावर घाव घालतं.

मेलाटोनिन या कहाणीत आलं ते १९९३ नंतर. अमेरिकेतले संशोधक रसेल रायटर यांच्या गटानं दाखवलं की ते मुक्त कण स्वतः टिपतं. टिपताना त्याचे जे तुकडे होतात, तेही पुढे हेच काम करतात. पेशीची स्वतःची संरक्षक विकरंही, उदाहरणार्थ ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, ते वाढवतं. रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा ते सहज ओलांडतं, आणि इथेच पुष्कळशी औषधं हरतात. एमपीटीपी दिलेल्या उंदरांना मेलाटोनिन दिलं तर पेशींची हानी कमी होते, हे एकाहून अधिक प्रयोगशाळांनी पाहिलं आहे. कंपवातात चेतापेशींत दिसणाऱ्या लुई पिंडांत साठणारं अल्फा-सायन्यूक्लीन हे प्रथिन एकमेकांना चिकटून गुठळ्या करतं, त्या गुठळ्या परीक्षानळीत मेलाटोनिनमुळे कमी होतात. मेंदूतल्या दाहावरही त्याचा लगाम बसतो.

सगळे प्रयोग एकाच दिशेनं गेले असंही नाही. १९९९ साली ऑस्ट्रेलियातल्या विलिस आणि आर्मस्ट्राँग यांनी उलट मांडणी केली: त्यांच्या प्राण्यांत मेलाटोनिनचं काम अडवल्यावर हालचाल सुधारली. सरांच्या लेखात त्याचा उल्लेख एका वाक्यात होता आणि सरांनी त्याच्याखाली पेन्सिल ओढलेली नव्हती.

गुरुजींचं गणित तपासताना

मग मी सहाशेचा कागद पुढे ठेवला. खरं सांगते, हात थोडा अडखळला. ज्यांनी मला त्रैराशिक शिकवलं त्यांचंच त्रैराशिक चुकलं होतं.

"सर, मात्रा वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही," मी म्हटलं. "उंदराचं आकारमान घनानं वाढवलं तर त्याचा पृष्ठभाग वर्गानंच वाढतो. छोट्या देहाचा चयापचय किलोमागे फार वेगवान असतो, औषध भराभर संपतं. म्हणून उंदराची किलोमागची मात्रा माणसासाठी साधारण बारानं भागतात."

सरांनी कागद ओढून घेतला. दहा भागिले बारा पूर्णांक तीन. शून्य पूर्णांक ८१. गुणिले साठ. "एकूणपन्नास," ते म्हणाले, आणि चार वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्या आवाजात वर्गातला सूर ऐकू आला.

पण ४९ हे उत्तरही मात्रा म्हणून घेता येत नाही, आणि पुढचा अर्धा तास त्यातच गेला. उंदरांना मेलाटोनिन बहुतेक वेळा सुईनं पोटाच्या पोकळीत देतात. माणूस गोळी गिळतो, आणि त्यातला बहुतेक भाग यकृतातच मोडला जातो. रक्तात पोचतो तो साधारण १५ टक्के. जे पोचतं तेही तासाभराच्या आत निम्मं होतं. त्याहून मोठा फरक वेळेचा आहे. बऱ्याचशा प्रयोगांत मेलाटोनिन विषाच्या आधी किंवा बरोबर दिलेलं असतं. उंदराचं घर जळायच्या आधी पाण्याचा बंब दारात उभा असतो. माणसाला पहिला कंप दिसतो तोवर काळ्या पदार्थातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात, आणि झीज विषासारखी आठवड्याभरात होत नाही, वर्षानुवर्षं होते.

सरांचा प्रश्न रास्त होता. "मग माणसांवर करून पाहिलं नाही का कुणी?"

पाहिलं आहे, पण बहुतेक ठिकाणी झोपेसाठी. २००५ साली अमेरिकेत ४० रुग्णांना ५ आणि ५० मिलिग्रॅम अशा दोन्ही मात्रा वेगवेगळ्या वेळी देऊन पाहिल्या. आपलं गणिताचं ४९ इथे जवळजवळ प्रत्यक्षातच आलं. मनगटावरच्या यंत्राच्या मोजणीत ५० मिलिग्रॅमनं रात्रीची झोप वाढली ती दहा मिनिटांच्या आसपास. ब्राझीलमध्ये २००७ साली १८ रुग्णांना ३ मिलिग्रॅम दिलं, तेव्हा रुग्णांना स्वतःला झोप सुधारल्यासारखी वाटली, पण झोपेच्या यंत्रतपासणीत आणि हालचालींत फरक पडला नाही. पेशींची झीज थांबली असं माणसात दाखवणारी एकही चाचणी मी सरांपुढे ठेवू शकले नाही.

मेलाटोनिनच्या भावंडांचं काय झालं तेही सांगितलं. मुक्त कणांना टिपणारं ई जीवनसत्त्व ८०० रुग्णांच्या मोठ्या चाचणीत रोजच्या २००० एककांनी देऊन पाहिलं होतं. १९९३ साली निकाल लागला: कंपवाताच्या वाटचालीवर परिणाम नाही. कोएन्झाइम क्यू-१० उंदरांत छान चाललं होतं. ६०० रुग्णांच्या चाचणीत ते हरलं, निकाल २०१४ साली छापून आला. उंदराला एकाच विषानं, एकाच घावात झालेली इजा आणि माणसाचा हळूहळू वाढणारा आजार यांत किती अंतर आहे, ते या दोन चाचण्यांतून मला नीट कळलं. मेलाटोनिनचं तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण तितकी मोठी परीक्षा त्यानं दिलेली नाही, आणि तोवर त्याच्या भरवशावर लेव्होडोपाची गोळी सोडणं म्हणजे हातचा दिवा विझवून उजाडायची वाट पाहणं.

बाटलीबद्दलही बोलले. २०२३ साली अमेरिकेतल्या एका तपासणीत मेलाटोनिनच्या २५ प्रकारच्या चघळायच्या वड्यांपैकी २२ वर लिहिलेलं प्रमाण चुकीचं निघालं. ज्यांत मेलाटोनिन सापडलं त्यांत ते छापलेल्याच्या ७४ टक्क्यांपासून ३४७ टक्क्यांपर्यंत होतं. म्हणजे सरांच्या दहाच्या वडीत प्रत्यक्षात किती होतं, हे सरांना, मला किंवा त्यांच्या मुलाला कळायला मार्ग नव्हता.

रात्रीचा धागा

डॉक्टरांकडे काकूंबरोबर मीही गेले, काकूंनी तसं सांगितलं म्हणून. मी एका कागदावर चार ओळी लिहून नेल्या होत्या. त्यातली शेवटची ओळ झोपेतल्या हातपाय झाडण्याची होती आणि डॉक्टरांचं बोट तिथेच थांबलं.

स्वप्नं पडतात त्या झोपेत आपले स्नायू निसर्गतः सैल पडलेले असतात, म्हणून स्वप्नात आपण धावलो तरी पाय हलत नाहीत. मेंदूच्या खोडातली ही कळ बिघडली की माणूस स्वप्न अंगानं जगू लागतो. मिनेसोटातल्या कार्लोस शेंक आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली या विकाराचं वर्णन केलं. पुढे लक्षात आलं की अशा कित्येक माणसांना नंतर कंपवात किंवा त्याच्या जातकुळीतला आजार होतो. २०१९ साली २४ केंद्रांतल्या १२८० जणांच्या पाहणीत बारा वर्षांत हे प्रमाण ७३ टक्क्यांच्या वर गेलं. पेशींचं रक्षण करणारं औषध खरंच कधी सापडलं, तर ते द्यायची वेळ हीच असेल: कंपाच्या आधीची, उशांची भिंत बांधली जाते तेव्हाची. सरांची ती वेळ निघून गेली होती. डॉक्टरांनी ते लपवलं नाही, आणि सरांनीही मान हलवली.

मेलाटोनिनचा आज वापर होतो तो याच विकारासाठी. अमेरिकेतल्या निद्राविकारतज्ज्ञांच्या संस्थेनं २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत लगेच विरघळणाऱ्या मेलाटोनिनची सशर्त शिफारस केली आहे. पुरावा इथेही एकसुरी नाही. कंपवाताच्या ३० रुग्णांना सावकाश विरघळणारं ४ मिलिग्रॅम देऊन केलेल्या २०२० च्या चाचणीत रिकाम्या गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या. दुसरा पर्याय क्लोनाझेपॅम या गुंगी आणणाऱ्या औषधाचा होता, पण नुकत्याच पडलेल्या माणसाला त्यानं तोल जायची भीती जास्त. म्हणून ठरलं ते असं: रात्रीची लेव्होडोपा चालू, बाटली बंद, साधं मेलाटोनिन ३ मिलिग्रॅम फक्त झोपण्याआधी, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी.

आणि सकाळचं ऊन. ही सूचना मला फार आवडली. २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं होतं की कंपवाताच्या रुग्णांत मेलाटोनिनची रात्रीची लाट मुळातच बुटकी असते, आणि दिवसा पेंगणाऱ्यांत आणखी बुटकी. ही लाट उजेडावर चालते. २०१७ साली ३१ रुग्णांना दोन आठवडे दिवसातून दोनदा तास-तासभर प्रखर प्रकाशात बसवलं, तर दिवसाची पेंग कमी झाली. सर सकाळी दहा मिलिग्रॅम मेलाटोनिन घेत होते म्हणजे शरीराला भर सकाळी सांगत होते की रात्र झाली. आता त्या वेळी काकू त्यांना रिक्षानं सारसबागेत नेतात. तळ्याकडेच्या बाकावर ऊन येतं, तिथे बसायचं, मग काठी घेऊन दोन फेऱ्या. रात्री नऊनंतर खोलीतली पांढरी ट्यूब बंद, कोपऱ्यातला पिवळा दिवा.

तीन महिन्यांची वही

डॉक्टरांनी नोंदी ठेवायला सांगितल्या होत्या. काकूंनी आडव्या रेघांची वही घेतली. पहिल्या दहा दिवसांतच दिवसाची झोप घसरली, आणि रात्री दोनला कूस बदलायला उठणं थांबलं. माझ्या मते यात मेलाटोनिनचं श्रेय शून्य. सकाळची मात्रा गेली आणि रात्रीची लेव्होडोपा आली, बास. ओरडणं आणि हातपाय झाडणं आधी आठवड्यातून चार-पाच रात्री होतं, ते तिसऱ्या महिन्यात एक-दोन रात्रींवर आलं. हे गोळीमुळे, की एकूण झोप सावरल्यामुळे, हे एका माणसाच्या वहीवरून सांगता येत नाही. न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. पुन्हा पडणं झालं नाही.

उजव्या हाताचा कंप होता तसाच आहे. अक्षरही तसंच. सहा आठवड्यांच्या तपासणीत हालचालींचे गुण निदानानंतरच्या अपेक्षेप्रमाणेच होते, त्यात काही विशेष नव्हतं.

सर आता पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभांना जातात. परवा तिथे त्यांनी सगळ्यांसमोर झोपेचा विषय काढला आणि प्रत्येकाच्या घरच्यांना एकच प्रश्न विचारला: हे रात्री ओरडतात का? आणि कधीपासून? काकू सांगत होत्या की पाच हात वर आले. सरांनी त्या पाचही जणांना आपापल्या डॉक्टरांना हे सांगायला लावलंय आणि पुढच्या सभेत त्याची विचारणा होणार आहे.

उशांची भिंत काकूंनी काढलेली नाही. काल गोळ्या न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "असू दे गं, सवय झालीय." तीनची एक पट्टी आणि लेव्होडोपाच्या दोन, पिशवीत घालून दिल्या.